दीड बोट कापड

माझ्या मुलाचा उडीचा सूट मी स्वतः शिवला होता. एके काळी ही गोष्ट मी ओळख झाल्यावर पाच मिनिटांत समोरच्याच्या कानावर घालायचे, कुणी विचारलेलं नसलं तरी. आता विचारलं तरी विषय बदलते. असं का झालं ते एकदा नीट लिहून काढावं, असं बरेच दिवस मनात होतं. राग पुरेसा निवलाय असं वाटलं म्हणून बसले, तर पहिल्याच ओळीला कळलं की निवलेला नाही. असो.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मी नागपूरची. मुलगा इथेच जन्मला. तो सात वर्षांचा असताना त्याच्या वर्गातल्या एका मित्राच्या वाढदिवसाला आम्ही एका टेकडीवर गेलो होतो. तिथे त्याच्याएवढी पोरं पायांना लांबलचक स्की बांधून बर्फाच्या घसरगुंडीवरून सुसाट खाली येत होती आणि टोकावरून सरळ हवेत जात होती. मुलगा माझी बाही ओढत म्हणाला, "आई, आय वॉन्ट टु डू दॅट." एका वर्षात विसरेल म्हणून आम्ही हो म्हटलं. तो विसरला नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांची मुलं गणिताला, टेनिसला, नाहीतर भरतनाट्यमला जायची. माझा मुलगा टेकडीवरून उड्या मारायला जातो म्हटल्यावर चेहरे बघण्यासारखे व्हायचे. "अगं, पडला-बिडला म्हणजे?" एक काकू विचारायच्या. "पडतो ना काकू, रोज पडतो," मी सांगायचे. त्या पुढची दहा मिनिटं माझ्याशी बोलायच्या नाहीत.

अशा स्की-जंपिंगच्या क्लबात पैशाने फारसं काही चालत नाही, पालकांच्या हातांनी चालतं. कुणी टेकडीच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतं, कुणी उड्यांची लांबी मोजतं, कुणी मोठ्या भांड्यात राजमा-मटणाची चिली रटरटत ठेवतं. मला फावडं झेपेना आणि माझी चिली कुणी खाईना. पहिली दोन वर्षं मी नुसती गाडीत हीटर लावून बसायचे. मग एकदा एक मुलगी पडली, तिचा सूट मांडीवर फाटला, ती रडायला लागली, आणि मी पर्समधली सुई काढली. त्या दिवसापासून मला काम मिळालं. चार वर्षांत अर्धा क्लब माझ्या हातचे सूट घालून उडत होता.

हे सूट म्हणजे साधे कपडे नव्हेत. स्पंजासारखं जाडसर, थराथरांचं कापड असतं. त्यातून वारा किती जावा याचा नियम असतो, आणि अंगाला ते किती सैल असावं याचा तर फारच कडक. सूट सैल असला की त्यात हवा भरते आणि माणूस जास्त वेळ तरंगतो. त्यातही सगळा खेळ आसनाचा. पायजम्याचं आसन असतं ना, तेच. ते दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरलं तरी उडी काही मीटरने लांबते. म्हणून पंच टेप घेऊन मुलांची आसनं मोजतात, सगळ्यांच्या देखत, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मला पहिल्यांदा हसू आवरेना. नंतर मीही मोजायला लागले.

शिवण मी नागपूरला एका बाईंच्या क्लासात शिकले. बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: ब्लाउज शिवताना आत दीड बोट कापड दाबून ठेवायचं, आणि बाजूला एक नाही, तीन टिपा मारायच्या. अंग सुटलं की सगळ्यात आतली टीप उसवायची, पुढची टीप तयारच असते. एक ब्लाउज दहा वर्षं पुरतो. मराठी घरातल्या कुठल्याही बाईला यात नवं काही वाटणार नाही, पण क्लबात ते कुणी बघितलेलं नव्हतं. पोरं हिवाळ्यागणिक वाढतात, सूट आखूड होतात. मी आत कापड ठेवलं, आसनाला आणि मांड्यांना तीन टिपा मारल्या, आणि पुढच्या डिसेंबरात एकेक टीप उसवून सूट परत दिले. क्लबचे कोच साठीचे गृहस्थ होते, लहानपणी याच टेकडीवर उडलेले. बोलायचे फार कमी. त्यांनी एक सूट उलटा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे आम्हाला का सुचलं नाही?" मी तीन दिवस हवेत होते.

मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा मोठ्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली. मिशिगनच्या उत्तर टोकाला एका छोट्या गावात ही स्पर्धा होते. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, नॉर्वे, जपान, सगळीकडून मुलं येतात. वर्ल्ड कपच्या एक पायरी खालची. यजमान देशाला चार जागा जास्त मिळतात, त्यातली एक त्याची. पहिल्या तिसांत आलं की गुण मिळतात, आणि एक जरी गुण मिळाला तरी वर्ल्ड कपमध्ये उडी मारायचा हक्क मिळतो. चौदा वर्षं तो त्या एका गुणासाठी पहाटे उठला होता, आणि चौदा वर्षं मी त्याला उठवलं होतं.

तो तेव्हा युनिव्हर्सिटीजवळ मित्रांबरोबर राहायचा. सूटच्या मापासाठी घरी आला. बेसमेंटमध्ये पाय फाकवून, हात पसरून उभा राहिला आणि मी मापं घेतली. पाऊण महिना त्या सूटवर घातला. अशा कापडात चुकीच्या जागी सुई गेली तर भोक तसंच राहतं, त्यामुळे एकेक टीप श्वास धरून मारायची. शिवायला घेण्याआधीच, मापं घेताना, मी त्याला विचारलं होतं, "आतलं जादा कापड कापून टाकू का? आता काही तू वाढणार नाहीस."

"नको आई, लीव्ह इट," तो म्हणाला. "मसल वाढले तर?"

मला बरंच वाटलं. म्हटलं, हा सूट पुढच्या वर्षीही घालणार, पोराचा बेत मोठा आहे.

शुक्रवारी आम्ही तिघं गाडीने सहा तास ड्राइव्ह करून त्या गावात पोचलो. संध्याकाळी मापं होती. तपासणारा अधिकारी युरोपातून आलेला होता, केस विरळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने माझ्या मुलाला उभं करून सगळं मोजलं, आकडे वहीत लिहिले. मग आसनाच्या टिपेवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि परत एकदा.

"कुणी शिवलाय?"

"माय मॉम," मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं.

अधिकारी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हेरी गुड हँड." मग त्याने सूटवर शिक्का मारला. शिक्का मारल्यानंतर सूटला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. मी हॉटेलच्या लॉबीतून नागपूरला बहिणीला फोन लावला. तिकडे पहाट होती. ती म्हणाली, "अगं, हे सांगायला उठवलंस?" मी म्हटलं, हो.

शनिवारी सकाळी मुलगा म्हणाला, "तुम्ही ब्रेकफास्टला जा. मला जरा एकट्याला फोकस करायचंय." गावातल्या चर्चच्या तळघरात सगळ्यांसाठी पॅनकेक होते. आम्ही दोघं गेलो. आदल्या दिवशी त्याच्या हातमोज्याची शिवण सुटली होती, ती घालायला मी शिवणाचा डबा त्याच्या खोलीत नेला होता. तो तिथेच राहिला. माझ्या मनात काहीही आलं नाही. का येईल?

तिथली माणसं स्पर्धा कशी बघतात ते सांगायला हवं. उतरणीच्या खालच्या मैदानाभोवती गाड्या रांगेने लावतात, शेगड्या पेटवतात, सॉसेज भाजतात, आणि कुणाची उडी लांब गेली की सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात. टाळ्या हातमोज्यांतून ऐकू येत नाहीत ना. उणे बारा तापमानात मी लाकडी कुंपणाला पोट टेकवून उभी होते. नवरा व्हिडिओ घेत होता, म्हणजे घेतोय असं म्हणत होता. नंतर बघितलं तर अर्धा व्हिडिओ त्याच्या बुटांचा होता.

त्याचा नंबर आला. वर, फार वर, तो आडव्या दांडीवर बसला. मग सुटला. टोकाला आला, उचलला गेला, आणि स्कीच्या मध्ये अंग झोकून पालथा झाला. इतकी वर्षं बघूनही त्या क्षणी मी डोळे मिटायचे, पण त्या दिवशी मिटले नाहीत. तो येत राहिला. येतच राहिला. आत्तापर्यंत तो कधी इतका वेळ वर राहिला नव्हता. बर्फावर आखलेल्या रेषेच्या पुढे जाऊन उतरला, एक पाय पुढे, हात पसरलेले. हॉर्न वाजायला लागले. एकशे सव्वीस मीटर. बोर्डावर त्याचं नाव एकोणिसावं लागलं. मी ओरडत होते, रडत होते, शेजारच्या सॉसेजवाल्या अनोळखी बाईला मिठी मारली होती. आयुष्यात इतकी खूश मी मोजून दोन-तीन वेळा झाले असेन.

वीस मिनिटांनी कोच मला शोधत आले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसायचं नाही. "ते तुम्हाला आत बोलावतायत," म्हणाले. "सूटबद्दल."

उडीनंतर ज्यांची तपासणी होते ती मैदानाच्या कडेच्या एका लाकडी खोलीत. आत एक टेबल, एक हीटर, कालचा तोच अधिकारी. मुलगा कोपऱ्यात आतल्या पातळ कपड्यांवर जॅकेट टाकून उभा होता. टेबलावर सूट उलटा करून पसरलेला होता. अधिकाऱ्याने वही माझ्याकडे फिरवली. कालचं आसन आणि आजचं आसन, यात तीन सेंटिमीटरचा फरक होता. मग त्याने बोट ठेवलं. आसनाची सगळ्यात आतली टीप गेली होती. दुसऱ्या टिपेवर सूट अंगात बसला होता.

"तुमच्या मुलाचं म्हणणं आहे की टीप उडीत आपोआप सुटली," अधिकारी हळू इंग्रजीत म्हणाला. "आत जादा कापड ठेवायची तुमची पद्धत आहे, असं तो म्हणतो."

मी मुलाकडे बघितलं. "आय टोल्ड देम, आई," तो घाईघाईने म्हणाला. "द एक्स्ट्रा क्लॉथ थिंग. दॅट्स हाऊ यू गाइज सो इन इंडिया."

यू गाइज. तुम्ही लोक. मी त्याची आई आहे हे त्या वाक्यात कुठे बसत होतं, ते मी अजून शोधते आहे.

मी टेबलाजवळ गेले आणि टीप बघितली. ज्याने हयातभर शिवण केलंय त्याला हे सांगावं लागत नाही, पण इथे सांगते. टीप ताणाने सुटते तेव्हा धागा तुटतो, टोकं पिंजतात, सुईची भोकं ओढली जाऊन लांबट होतात. इथे भोकं जशीच्या तशी गोल होती. कडेला धाग्याचे बारीक तुकडे अडकून राहिले होते, सगळे एकाच लांबीचे, चार टाक्यांएवढे. कुणीतरी उसवायच्या हत्याराने दर चौथा टाका कापला होता आणि मग उलट्या बाजूने धागा ओढून काढला होता. घाईत नाही, सावकाश, कापडाला न दुखवता. हे मीच शिकवलेलं होतं. तो दहा वर्षांचा असताना बेसमेंटमध्ये माझ्या शेजारी बसून मुलांचे सूट उसवायला मदत करायचा. "प्रत्येक टाका कापायचा नाही रे, दर चौथा काप आणि मागून ओढ," असं मी त्याचा हात धरून सांगितलं होतं. त्या क्लबात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हतं.

आणि मग बेसमेंटमधलं त्याचं "लीव्ह इट" आठवलं. म्हणजे पाऊण महिना आधीपासून ठरलेलं होतं. मी एकेक टीप श्वास धरून मारत होते तेव्हा त्याला माहीत होतं की त्यातली कुठली तो उसवणार आहे.

अधिकारी माझ्याकडे बघत होता. त्याने सरळ सांगितलं. टीप आपोआप सुटली असेल तर आजची उडी बाद, बाकी काही नाही. पण शिक्क्यानंतर कुणी मुद्दाम उसवली असेल तर प्रकरण वर जाईल, आणि खेळाडूवर बंदी येईल, कदाचित दोन वर्षांची. "मॅडम," तो म्हणाला, "हे तुम्ही शिवलंय. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. ही टीप आपोआप सुटू शकते?"

माझ्या शिवणाबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तज्ज्ञ म्हणून माझं मत विचारत होतं.

कोच दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं त्याच्या डोळ्यांत निदान भीती असेल, लाज असेल. तसं काही नव्हतं. आईने पटकन हो म्हणावं आणि हे संपावं, अशी एक घाई होती फक्त. मी काय म्हणणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"हो," मी म्हटलं. "सुटू शकते. धागा हलका वापरला गेला. चूक माझी आहे."

अधिकाऱ्याने कालच्यासारखा अंगठा दुसऱ्या टिपेवरून फिरवला. मग म्हणाला, "काल मला तसं वाटलं नव्हतं." एक कागद पुढे केला. शिवणारीचा दोष, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली. माझी सही मी इतकी नीट कधी केली नसेल.

बाहेर दुसरी फेरी सुरू झाली होती, हॉर्न वाजत होते. कोच माझ्या शेजारून चालत होते आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना खरं काय ते कळलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की माझी टीप सुटते.

परतीच्या वाटेवर मुलगा मागच्या सीटवर होता. दोन तासांनी तो म्हणाला, "थँक्स फॉर कव्हरिंग, आई."

"मला आधी का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"आणि माझ्यावर ढकललंस ते?"

"आई, यार, थिंक अबाउट इट. मला बॅन केलं असतं. तुला ते काय करणार आहेत? दे कान्ट डू एनीथिंग टु यू." तो अगदी समजावणीच्या सुरात बोलत होता. त्याने खरंच हिशेब केला होता. एका बाजूला त्याचं सगळं होतं, दुसऱ्या बाजूला मी होते, आणि माझ्या बाजूला गमावण्यासारखं त्याला काही दिसलंच नव्हतं.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तो आत कॉफी आणायला गेला आणि मी नवऱ्याला सगळं सांगितलं. चार टाके, मागून ओढलेला धागा, सगळं. तो पंपाच्या आकड्यांकडे बघत राहिला. "जाऊ दे गं," म्हणाला. "त्याच्या करिअरचा प्रश्न होता."

"आणि माझा?"

"तुझा काय..." एवढं बोलून तो थांबला. थांबला हे बरं केलं, पण जेवढं बोलला तेवढंही पुरेसं होतं.

दहा दिवसांनी क्लबच्या कमिटीचा ईमेल आला. फार गोड भाषेत होता. इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल आभार, पण मुलांच्या सुरक्षेचा विचार करता यापुढे फक्त कंपनीचे सूट. त्यानंतरच्या रविवारी कोच स्वतः आले. हातात एक मोठी काळी पिशवी, त्यात मी शिवलेले अकरा सूट. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत. दारातच म्हणाले, "हवेत एखाद्या लहान मुलाची टीप सुटली, तर मी त्याच्या आईला काय सांगू?" बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. माझी टीप सुटत नाही, हे एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर मुलाची दोन वर्षं गेली असती. मी पिशवी घेतली आणि थँक यू म्हटलं.

त्या पिशवीतला प्रत्येक सूट मी बेसमेंटमध्ये बसून उलटा करून तपासला. अकराच्या अकरा सूटांत एकही टीप ढिली नव्हती. कुणाला दाखवायचं होतं मला, कोण जाणे. मी रडले तेव्हा घरात कुणी नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने रडता आलं. लोक परके असले तर त्यांना शिव्या तरी घालता येतात. इथे ज्याने केसाने गळा कापला होता, त्याच्यासाठी मी त्याच आठवड्यात डब्यात पुरणपोळ्या भरून पाठवल्या होत्या.

मी स्वतःची समजूत घालत होते ती एकाच गोष्टीने. त्याचा गुण अजून मिळायचा आहे. पुढच्या वर्षी मिळेल, मग हे सगळं कशासाठी केलं त्याला काही अर्थ राहील. एप्रिलमध्ये मी त्याच्या ट्रेनिंगचं विचारायचे, तो "येस, येस" म्हणायचा. ऑगस्टमध्ये त्याने फोनवर सांगितलं की तो उड्या मारणं सोडतोय. शिकागोला इंटर्नशिप मिळाली होती, वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर, आई, आय वॉज कायंड ऑफ ओव्हर इट. हे त्याने जेवलीस का विचारावं तितक्या सहज सांगितलं. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ज्याच्यासाठी मी माझ्या हाताला खोटं पाडलं, ते त्याला सहा महिनेही हवं नव्हतं.

दिवाळीत मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. मुलगा शिकागोहून आला होता, नवा कुर्ता, नवी दाढी. जेवणाच्या टेबलावर उड्यांची भीती वाटणाऱ्या त्या काकू होत्या, अजून तीन-चार कुटुंबं होती. कुणीतरी त्याला विचारलं, उड्या का सोडल्यास रे? आणि तो रंगात आला. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत त्याने मिशिगनची गोष्ट सांगितली. उणे बारा तापमान, गाड्यांचे हॉर्न, आयुष्यातली सगळ्यात लांब उडी. "आणि मग, गेस व्हॉट? आईने सूटला ब्लाउजसारखं मार्जिन ठेवलेलं! मिड-एअर तिची टीप सुटली. डिसक्वालिफाइड!" तो हाताने आसन खाली आल्याचं दाखवत होता. सगळं टेबल हसत होतं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "काय गं बाई तू, पोराचं नुकसान केलंस की!" नवरा माझ्यासमोर बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तोही हसत होता.

मी मुलाकडे बघत होते. मला वाटलं, आता तो एकदा माझ्याकडे बघेल आणि निदान नजर चुकवेल. त्याने बघितलं. नजर चुकवली नाही. तो मोकळेपणी, प्रेमाने हसत होता. त्याला खरंच वाटायला लागलं होतं की तसंच झालं होतं.

"राइट, आई?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

हसणं लगेच थांबलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी परत म्हटलं, "नाही. माझी टीप सुटली नव्हती. ती उसवली होती, आणि ज्याने उसवली त्याला मी ते शिकवलं होतं." काकूंनी मठ्ठ्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. नवरा म्हणाला, "अगं, आता इथे कशाला..." मुलाचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या लाकडी खोलीत, मी त्याच्यासाठी खोटं बोलत असताना, तो असा झाला नव्हता.

"आई, इट वॉज जस्ट अ स्टोरी," तो हळूच म्हणाला.

"माझी होती ती," मी म्हटलं.

तो त्या दिवशी न थांबता शिकागोला गेला. त्याला सात आठवडे झाले. नवरा रोज म्हणतो, तू मोठी आहेस, एक फोन करून टाक. मी केलेला नाही. मला त्याची आठवण येते, सकाळी उठल्या उठल्या येते. तरी मी करणार नाही, त्याने करायचाय.